ट्रेस हरवलेला ४६५: कॅपॅसिटर सरसकट बदलायचे की मोजून?

लोलक

टेक्ट्रॉनिक्स ४६५ ऑसिलोस्कोप (स्कोप), दोन चॅनेल, १०० मेगाहर्ट्झ. पंखा फिरतो, पॅनेलवरचा दिवा लागतो, पण पडद्यावर ट्रेस (प्रकाशाची रेघ) नाही, काहीही नाही. ट्रिगर ऑटोवर आहे, इंटेन्सिटी वाढवली, बीम फाइंड दाबलं, तरी अंधारच.

इंटरफेस बोर्डावरचे सप्लायचे टेस्ट पॉइंट मोजले. +१५ च्या जागी काही शे मिलीव्होल्ट मिळतात. बाकीच्या रेलही (सप्लायच्या व्होल्टेजच्या वाटा: +११०, +५५, +५, −८) मॅन्युअलातल्या आकड्यांवर नाहीत. लगेच बंद केलं. बंद अवस्थेत +१५ ते चेसिस रोध ०.३ ओहम येतो, मीटरच्या तारांचा रोध वजा करून. तारा उलट्या लावल्या तरी तेवढाच. बाकी रेलवर असा शॉर्ट नाही.

प्रश्न दोन. +१५ ची रेल सगळ्या बोर्डांवर फिरते आणि तिच्यावर ठिकठिकाणी थेंबाच्या आकाराचे टँटलम कॅपॅसिटर आहेत. यातला नेमका कोणता गेलाय हे एकेक न काढता कसं शोधायचं? आणि बोर्ड उघडेच आहेत, तर सगळे टँटलम आणि इलेक्ट्रोलिटिक एकदाच बदलून टाकावेत का? दोन्ही बाजूंची मतं ऐकायची आहेत.

---

चुंबकसूची

सगळे बदला. ४६५ बाजारात आला १९७२ मध्ये, म्हणजे त्यातले सुटे भाग चाळिशी-पन्नाशीचे. आज एक टँटलम शॉर्ट झाला, सहा महिन्यांनी शेजारचा होईल, आणि प्रत्येक वेळी कव्हर, शील्ड, नॉब काढायचे. थेंबवाले टँटलम मरतात ते शॉर्ट होऊनच, आधी काही इशारा देत नाहीत. मोजून 'चांगला' ठरलेला टँटलम उद्या चांगला राहील याची खात्री कुठलाही मीटर देत नाही.

---

स्थिरांक

चुंबकसूची यांचं शेवटचं वाक्य बरोबर आहे, त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र मान्य नाही.

बंद पडलेल्या यंत्रात सरसकट बदल करू नये. आधी ते चालू करावं, मग काय बदलायचं ते ठरवावं. समजा ४० भाग बदलले आणि ट्रेस तरीही आला नाही. आता बिघाड जुना आहे की नवा, हे कळायला मार्गच उरत नाही. एखादा टँटलम उलटा बसला असेल, एखाद्या छिद्रातला तांब्याचा मुलामा डिसोल्डर करताना निघून आला असेल आणि वरचा ट्रॅक खालच्यापासून तुटला असेल. जुन्या दुहेरी बोर्डावर हा शेवटचा प्रकार फार होतो आणि डोळ्यांना दिसत नाही.

शिवाय 'कॅपॅसिटर' ही एक जात नाही. कोण कसा म्हातारा होतो ते वेगवेगळं आहे:

अ‍ॅल्युमिनियम इलेक्ट्रोलिटिक सुकतात. आतला द्रव कमी झाला की ईएसआर (कॅपॅसिटरचा स्वतःचा आतला रोध) वाढतो, मग धारिता घटते. हे मोजता येतं, म्हणून अंदाजाने बदलायची गरज नाही.

टँटलम बहुतेक वेळा शॉर्ट होतात, तेही कमी रोधाच्या सप्लायवर थेट बसलेले. चालू करताना विजेचा लोंढा येतो, ऑक्साइडच्या थरात कमजोर जागा असते, ती फुटते. आत मँगनीज डायऑक्साइड असल्याने ऑक्सिजन घरचाच, म्हणून कधीकधी पेटतातही. पण तोच टँटलम एखाद्या रोधाच्या मागे, टायमिंग किंवा कपलिंगच्या जागी असेल, तर वर्षानुवर्षं सुखाने राहतो.

मायका, पॉलिस्टायरीन, पॉलिस्टर आणि चकतीचे सिरॅमिक यांना हात लावायचं कारण नाही. अटेन्युएटर (आत येणारा सिग्नल कमी करणारा भाग) आणि स्वीप (ठिपका आडवा सरकवणारा भाग) यांमधले तर अजिबात बदलू नका, तिथे मूल्य निवडून बसवलेलं असतं आणि कॅलिब्रेशन त्यावर उभं असतं.

मेणकागदाचे, निर्वात नळ्यांच्या यंत्रांतले, ते मात्र न मोजता बदला. त्यांची गळती ठरलेली आहे. कपलिंगच्या जागी असा एक गळला की पुढच्या नळीच्या ग्रिडवर धन व्होल्ट येतो आणि नळी तापून जाते.

आणखी एक. बाकीच्या रेलचे आकडे चुकलेत म्हणून त्यांच्या मागे आत्ता लागू नका. ४६५ मध्ये +५५ ची रेल इतरांचा संदर्भ आहे आणि रेग्युलेटर एकमेकांवर अवलंबून आहेत. +१५ चा शॉर्ट काढा, मग पुन्हा मोजा.

---

वाचकमात्र

वाचनखूण साठवली आहे. शॉर्ट शोधायच्या पद्धतीची वाट बघतोय.

---

आंदोलक

शॉर्ट शोधायला फक्त दोन गोष्टी लागतात: करंट-लिमिट असलेला बेंच सप्लाय आणि ०.१ मिलीव्होल्ट दाखवणारा मल्टिमीटर.

१. स्कोपची वायर प्लगमधून काढा. बेंच सप्लाय ०.५ व्होल्टच्या आत ठेवा, करंट १ अँपियरला बांधा. इतक्या कमी व्होल्टेजला सिलिकॉनचे जंक्शन सुरू होत नाहीत, त्यामुळे आयसी-ट्रान्झिस्टर सुरक्षित राहतात आणि सगळा करंट शॉर्टमधूनच जातो. ०.३ ओहमला १ अँपियर म्हणजे ०.३ व्होल्ट, तेव्हा हिशेब जमतो.

२. धन तार +१५ च्या टेस्ट पॉइंटला, ऋण चेसिसला.

३. मीटर मिलीव्होल्टवर. एक टोक त्याच टेस्ट पॉइंटला कायम, दुसरं टोक रेलच्या ट्रॅकवरून पुढे सरकवत न्या. करंट ज्या वाटेने जातोय त्या वाटेवर आकडा वाढत जातो. ज्या फाट्यात करंट नाही तिथे आकडा फाट्याच्या तोंडाशी होता तेवढाच राहतो, कितीही पुढे जा. म्हणजे आकडा वाढायचा थांबला की आपण चुकीच्या फाट्यात आहोत, मागे फिरा. सर्वांत मोठा आकडा जिथे मिळेल तो पाय शॉर्ट झालेल्या भागाचा.

किती बारीक दिसतं याचा अंदाज: ३५ मायक्रॉन जाडीच्या तांब्याच्या चौरसाचा रोध साधारण अर्धा मिलीओहम. १ मिलीमीटर रुंदीच्या ट्रॅकवर १ अँपियर असेल तर दर मिलीमीटरला अर्धा मिलीव्होल्ट पडतो. शेजारशेजारचे दोन टँटलमसुद्धा वेगळे ओळखता येतात.

४. खात्रीसाठी संशयितांच्या दोन पायांमध्ये थेट मिलीव्होल्ट मोजा. सर्वांत कमी ज्याच्यावर, तोच. मग त्याचा एकच पाय उचला आणि रेलचा रोध पुन्हा बघा.

टोकं अणकुचीदार हवीत. वार्निशवरून घसरलेलं टोक भलताच आकडा दाखवतं.

---

सूक्ष्मधारा

+१. हाताशी थर्मल कॅमेरा असेल तर तोही चालतो, पण ०.३ ओहम आणि १ अँपियर म्हणजे जेमतेम ०.३ वॅट, तोही ट्रॅकमध्ये थोडा वाटला जातो. बोर्डवर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा पातळ हात फिरवला तर गरम भागावरचं आधी वाळतं, ही साधी युक्तीही लागू पडते. शील्डखाली किंवा दोन बोर्डांच्या मध्ये लपलेल्या भागाला मात्र आंदोलक यांचीच पद्धत.

त्याआधी एक सोपं काम: ४६५ मध्ये बोर्डांना जोडणारे प्लग आहेत. जे सहज निघतात ते एकेक काढून रोध बघा. एखादा काढल्यावर शॉर्ट गेला तर शोध निम्मा झाला. प्लग काढण्यापूर्वी फोटो आणि बाणाची दिशा, दोन्ही नोंदवा.

---

मंदज्योत

शॉर्ट निघाल्यावर थेट वीज देऊ नका. जिवंत तारेच्या मालिकेत १०० वॅटचा तारेचा बल्ब लावा. एलईडी किंवा सीएफएल चालणार नाही, थंड असताना कमी आणि तापल्यावर जास्त असा रोध फक्त टंगस्टनच्या तारेतच मिळतो. चालू करताना क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. पूर्ण उजेडात राहिला तर आत अजून शॉर्ट आहे, पण ट्रान्सफॉर्मर आणि ब्रिज वाचले. बल्ब मालिकेत असताना रेलचे आकडे थोडे कमी येतील, ते त्या वेळी सोडून द्या.

४६५ चा सप्लाय लिनियर आहे म्हणून हे चालतं. स्विच-मोड सप्लायच्या यंत्रांना (उदाहरणार्थ २४६५) बल्ब किंवा व्होल्टेज बदलता येणारा, हळूहळू चढवलेला व्हेरिअ‍ॅक देऊ नये. स्विच-मोड सप्लाय आत जाणारं व्होल्टेज कमी झालं की करंट जास्त ओढतो, सुरू होतो-पडतो-सुरू होतो असं करत राहतो, आणि स्विचिंग ट्रान्झिस्टरवर ताण येतो.

सगळ्यात आधी मागचा व्होल्टेज सिलेक्टर बघा. जुनं यंत्र हाती आलं की तो कुठे आहे आणि फ्यूज त्या जागेच्या मूल्याचा आहे का, हे पाहिल्याशिवाय प्लग लावूच नये.

---

वाचकमात्र

मंदज्योत, नाव आणि प्रतिसाद यांचा एवढा मेळ क्वचित बसतो :)

---

डाखकाम

डिसोल्डरिंगबद्दल. या बोर्डांवर पॅड सहज उचकटतात. भाग मेलेलाच आहे, तर त्याचं शरीर कटरने फोडून काढा, मग एकेक पाय वेगळा तापवून चिमट्याने ओढा. नंतर छिद्रात ताजं शिसं-कथील भरा आणि मग शोषकाने किंवा तांब्याच्या वेणीने साफ करा. जुनं ऑक्साइड झालेलं कथील तसंच ओढायला गेलात तर पॅडसकट निघतं. पॅडवर टोक दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त ठेवू नका.

नवा टँटलम +१५ साठी किमान २५ व्होल्टचा, ३५ चा मिळाला तर उत्तम. टँटलमला छापील व्होल्टेजच्या निम्म्यावर चालवावं असा सर्वसाधारण संकेत आहे. अ‍ॅल्युमिनियम बसवायचा असेल तर १०५ अंशांचा, कमी ईएसआरचा, आणि मूल्य थोडं वाढवून घ्या, कारण लहान अ‍ॅल्युमिनियमचा ईएसआर टँटलमपेक्षा जास्त असतो.

आणि −८ च्या रेलवर धन पाय चेसिसकडे असतो. घाईत सगळे एका दिशेने बसवले की तिथेच भडका उडतो.

अवांतर पण गरजेचं: कोणाकडे टेक्ट्रॉनिक्सचे ५०० मालिकेतले नळीवाले स्कोप असतील, तर आतल्या पांढऱ्या सिरॅमिक पट्ट्यांवर साधं शिसं-कथील वापरू नका. त्या खाचांमध्ये चांदीचा थर भाजून बसवलेला आहे. साधं कथील ती चांदी विरघळवून घेतं आणि दोन-चार वेळा तापवलं की कथील सिरॅमिकला धरतच नाही. त्यासाठी ३ टक्क्यांच्या आसपास चांदी असलेलं सोल्डर लागतं. कारखान्यातून येताना त्याची छोटी गुंडाळी स्कोपच्या आतच लावलेली असे. जागेवर असेल तर जपून ठेवा.

---

चुंबकसूची

स्थिरांक, 'आधी चालू करा, मग ठरवा' हा क्रम मान्य. पण चालू झाल्यावर? सप्लायवर थेट बसलेले टँटलम तरी बदलायला हवेत की नाही?

---

स्थिरांक

ते बदलायला माझी हरकत नाही, विशेषतः छापील व्होल्टेज रेलच्या अगदी जवळ असेल तिथे. १५ च्या रेलवर २० व्होल्टचा टँटलम हा पहिला उमेदवार. पण एका वेळी एक रेल घ्या, बदला, चालू करून बघा, मग पुढची. काही बिघडलं तर शोध त्या रेलपुरता राहतो.

फिल्टरचे मोठे इलेक्ट्रोलिटिक मात्र मोजूनच. पूर्ण लोडवर रिपल (डीसीवर उरलेला चढउतार) बघा. पूर्ण-तरंग ब्रिज असल्याने रिपलची वारंवारता विजेच्या वारंवारतेच्या दुप्पट असली पाहिजे. तेवढीच दिसली तर कॅपॅसिटर नव्हे, ब्रिजमधला एक डायोड किंवा त्याचा जोड उघडा आहे, आणि कॅपॅसिटर बदलून काहीही फरक पडणार नाही. वारंवारता बरोबर पण उंची जास्त असेल तर कॅपॅसिटर सुकलाय. बंद करून ईएसआर घ्या, हजारो मायक्रोफॅरडच्या कॅनला ०.१ ओहमच्या आत यायला हवा.

आणखी एक जागा: या कॅनचे पाय बोर्डाला जिथे टेकतात, तिथल्या डाखाला कंकणाकृती चीर पडते. भिंगातून बघा. ती चीर आणि सुकलेला कॅपॅसिटर यांची लक्षणं अगदी सारखी.

---

त्रिज्या

एक शंका. दुसऱ्या स्कोपने या स्कोपचा सप्लाय तपासायचा तर तपासणाऱ्या स्कोपचा अर्थ (जमिनीशी जोडणारी तार) तोडतात, असं बऱ्याच ठिकाणी वाचलंय. ते करावं का?

---

मंदज्योत

नाही. कधीच नाही. अर्थ तोडला की स्कोपची पूर्ण धातूची चौकट, नॉबचे स्क्रू, बीएनसीची बाहेरची कडी, सगळं तुम्ही क्लिप लावाल त्या व्होल्टेजवर येतं.

४६५ च्या लिनियर सप्लायमध्ये ट्रान्सफॉर्मरच्या पुढचं सगळं चेसिसच्या संदर्भानेच आहे, तिथे नेहमीसारखं मोजा. स्विच-मोडच्या प्राथमिक बाजूला मोजायचं असेल तर तपासायचं यंत्र आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरवर घ्या, तपासणारा स्कोप अर्थसकट राहू द्या. किंवा दोन प्रोब वापरून फरक मोजा: दोन्ही चॅनेल एकाच व्होल्ट/डिव्हिजनवर, दुसरा उलटा, मोड अ‍ॅड. ४६५ मध्येच ही सोय आहे. दोन्ही प्रोब आधी एकाच बिंदूवर लावून पडद्यावर सपाट रेघ येते का ते बघा, म्हणजे कॉम्पेन्सेशन जुळलेलं आहे हे कळतं.

---

ऋणाग्र

+१५ आल्यावरही ट्रेस नसेल तर पुढची पायरी उच्चदाबाची (हाय व्होल्टेजची), म्हणून आधीच लिहून ठेवतो.

४६५ मध्ये सीआरटीच्या (पडद्याच्या नळीच्या) कॅथोडवर साधारण −२४५० व्होल्ट असतात आणि व्होल्टेज गुणकाच्या पुढे, पडद्याच्या बाजूला, दहा हजारांच्या वर. साधा मल्टिमीटर १००० व्होल्टपर्यंतचा, त्याला तिकडे नेऊ नका. १००० मेगओहमचा उच्चदाब प्रोब लागतो. ग्रिड आणि कॅथोड दोन्ही त्या −२४५० च्या आसपास तरंगतात, त्यांच्यातला काही दशक व्होल्टांचा फरकच ट्रेसचा उजेड ठरवतो. तो फरक हातातल्या मीटरने मोजायचा मोह टाळा.

बीम फाइंड दाबून काहीच दिसत नाही, याचा अर्थ: ते बटण बीमचं विचलन पडद्याच्या आत आवळतं. तरीही अंधार असेल तर बीम बाहेर गेलेला नसून पडद्यापर्यंत येतच नाही असं समजावं. म्हणजे उच्चदाब, इंटेन्सिटी किंवा अनब्लँकिंग (स्वीपच्या वेळी बीम सुरू करणारं सर्किट). बीम फाइंडने ठिपका दिसला असता तर डिफ्लेक्शन अ‍ॅम्प्लिफायरकडे गेलो असतो: दोन उभ्या प्लेटांचं व्होल्टेज जवळपास समान आहे का, नसेल तर कोणत्या टप्प्यापासून असमान होतं, असं मागे मागे जायचं.

बंद केल्यावरही भार राहतो. ११० च्या रेलचे आणि फिल्टरचे कॅपॅसिटर १ किलोओहम, ५ वॅटच्या रोधातून उतरवा, स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडून नव्हे. सीआरटीचा अ‍ॅनोड उतरवला तरी काही वेळाने थोडा भार परत वर येतो, पुन्हा उतरवा. एक हात खिशात.

आणि ट्रेस आला की लगेच इंटेन्सिटी कमी करा. थांबलेला ठिपका फॉस्फर जाळतो आणि त्याला उपाय नाही.

---

सूक्ष्मधारा

सुरक्षेचा विषय निघालाच आहे तर: काही जुन्या पॉवर ट्रान्झिस्टरांच्या आणि उष्णता वाहणाऱ्या सिरॅमिक चकत्यांमध्ये बेरिलियम ऑक्साइड असतं. अखंड असेपर्यंत धोका नाही. फोडू नका, घासू नका, कानस लावू नका, त्याची धूळ फुप्फुसांना घातक आहे.

---

काचनळी

धाग्यात सगळं ४६५ चंच चाललंय, पण शीर्षकातला प्रश्न इतर यंत्रांनाही लागू आहे. तीन ठिकाणी मी 'न मोजता बदला' म्हणेन.

पहिलं, वीज आत येते तिथले रिफा कंपनीचे पारदर्शक पिवळट कॅपॅसिटर. आत धातूचा मुलामा दिलेला कागद, बाहेर इपॉक्सी. इपॉक्सीला बारीक चिरा पडतात, कागद ओल पितो, फुगतो, आणि एके दिवशी दाट दुर्गंधी धूर. बदली म्हणून त्याच वर्गाचा आणि मूल्याचा पॉलिप्रॉपिलीन: एक्स२ च्या जागी एक्स२, वायच्या जागी वाय (हे सुरक्षेचे वर्ग). वायचं मूल्य वाढवू नका, चेसिसकडची गळती वाढते.

दुसरं, सेलेनियम रेक्टिफायर. फाटला की विषारी, सडक्या वासाचा धूर. सिलिकॉन डायोड लावताना मालिकेत रोध द्यावाच लागतो, कारण सेलेनियमचा स्वतःचा व्होल्टेज ड्रॉप बराच जास्त असतो. रोध न देता लावलं तर पुढच्या सगळ्या नळ्यांवर जास्त व्होल्टेज जातं.

तिसरं, बोर्डावर डाख दिलेले निकेल-कॅडमियम सेल. गळालेले असतील तर लगेच काढा. गळती अल्कली आहे, म्हणून पातळ व्हिनेगरने निष्प्रभ करा, पाण्याने धुवा, मग अल्कोहोल. हिरवा ट्रॅक दिसला तर वार्निश खरवडून तांबं उरलंय का ते बघा. वार्निशखाली गंज पुढे सरकलेला असतो.

नळीवाल्या यंत्रांतल्या कार्बन कॉम्पोझिशन रोधांचं वेगळं: त्यांचं मूल्य वयानुसार वाढतं, मोठ्या मूल्यांचं जास्त. सर्किटमध्ये मोजून छापील मूल्यापेक्षा जास्त आलं तर तो नक्की गेलाय, कारण समांतर वाटांमुळे आकडा फक्त कमीच येऊ शकतो. अट एवढीच की कॅपॅसिटर उतरवलेले असावेत.

---

त्रिज्या

काचनळी, शेवटचा मुद्दा वहीत लिहून घेतला. एकही पाय न उचलता निकाल लागतो.

---

स्थिरांक

बॅटरीचा विषय आला म्हणून: जिथे कॅलिब्रेशनचे आकडे बॅटरीच्या जोरावर मेमरीत आहेत, तिथे बॅटरी हा कॅपॅसिटरपेक्षा मोठा प्रश्न आहे. ती आपोआप संपली तर यंत्र चालेल, आकडे मात्र पुन्हा प्रमाणित स्रोतांशिवाय मिळणार नाहीत.

हेवलेट-पॅकार्ड ३४७८ए मल्टिमीटरमध्ये २५६ जागांची, प्रत्येकी ४ बिटांची छोटी रॅम ३ व्होल्टच्या लिथियम सेलवर जिवंत असते. सेल काढण्यापूर्वी जीपीआयबीवरून (यंत्र संगणकाला जोडायची वाट) मजकूर वाचून संगणकात ठेवा. मग बाहेरचा ३ व्होल्टचा स्रोत डायोडमधून समांतर जोडून सेल बदला. डायोड थोडं व्होल्टेज खातो, ते स्रोत किंचित वाढवून भरून काढा. सोल्डरिंग गन अर्थ केलेली नको, टोकाचा आणि यंत्राच्या चेसिसचा रस्ता जुळला तर रॅम पुसली जाऊ शकते.

बऱ्याच २४६५बी मध्ये हेच आकडे डॅलस कंपनीच्या मेमरी चिपमध्ये असतात, सेल आतच सीलबंद. तिचा मजकूर वाचायचा, दोनदा वाचून ताडायचा, नव्या चिपमध्ये लिहून पुन्हा ताडायचा, मगच सॉकेटमध्ये बसवायची. ईप्रॉम (काचेची खिडकी असलेली मेमरी चिप) असलेल्या कुठल्याही यंत्राचं हेच: चालू आहे तोवर मजकूर वाचून ठेवा आणि काचेवरचं लेबल जपा.

---

काचनळी

थोडं अवांतर. हेवलेट-पॅकार्डचा १९३९ चा २००ए ऑसिलेटर आणि त्याचे वंशज दुरुस्तीला आले, आणि आउटपुट वरखाली डोलत असेल, तर कॅपॅसिटरआधी आतला छोटा बल्ब बघा. तो उजेडासाठी नाही. तापला की रोध वाढतो, त्यावर आउटपुटची पातळी स्थिर राहते. त्या जागी वेगळ्या वॅटचा बल्ब किंवा साधा रोध लावला की एकतर आंदोलनं बंद पडतात, नाहीतर लाट कापली जाते.

---

लोलक

सगळ्यांचे आभार. प्रगती अशी.

आंदोलक यांची पद्धत वापरली. व्हर्टिकल बोर्डाकडच्या फाट्यात आकडा वाढत गेला आणि एका टँटलमच्या पायावर थांबला. बाहेरून त्याला डाग नाही, चीर नाही. एक पाय उचलल्यावर रेलचा शॉर्ट गेला. त्या जागी ३५ व्होल्टचा बसवला, बल्बवर चालू केलं, बल्ब मंद. मग थेट वीज. +५५ आणि इतर सगळ्या रेल मर्यादेत, +१५ चा रिपल नीट. ट्रेस आला, तीक्ष्ण आहे.

स्थिरांक यांच्या सल्ल्याप्रमाणे बाकीचे टँटलम आत्ता तसेच ठेवलेत. +१५ वरचे २० व्होल्टचे तेवढे पुढच्या वेळी.

आता नवं लक्षण: टाइम/डिव्हिजनच्या काही जागांवर वेळ चुकीची येते, काही जागांवर बरोबर. एका-दोन जागांवर ट्रेस मधेच नाहीसा होतो. पॅनेलवरच्या कॅलिब्रेटरची लाट लावून बघतोय.

---

आंदोलक

पहिली गोष्ट, वेळ तपासायला तो कॅलिब्रेटर वापरू नका. त्याची ३०० मिलीव्होल्टची उंची भरवशाची आहे, वारंवारता मात्र 'अंदाजे १ किलोहर्ट्झ'. क्रिस्टलवर चालणारा जनरेटर किंवा वारंवारता मोजलेला कोणताही स्थिर स्रोत घ्या. स्कोप किमान २० मिनिटं तापू द्या.

मग एक तक्ता करा, प्रत्येक जागेला किती टक्के चूक. स्वीपची वेळ एक कॅपॅसिटर आणि एक रोध मिळून ठरवतात. कॅपॅसिटर सहसा काही शेजारच्या जागांना सामायिक असतो, रोध १-२-५ च्या चक्रात फिरतो. म्हणून:

शेजारच्या जागांचा पूर्ण गट एकाच प्रमाणात चुकला तर त्या गटाचा टायमिंग कॅपॅसिटर.

सगळीकडे फक्त '२' च्या जागा चुकल्या (२ मिलीसेकंद, २० मायक्रोसेकंद, वगैरे) तर तो रोध.

सगळ्याच जागा सारख्या चुकल्या तर स्वीपचं कॅलिब्रेशन किंवा हॉरिझॉन्टल गेन. व्हेरिएबलचा नॉब कॅलच्या खटक्यात आहे ना, हे आधी.

आणि चूक कधी असते कधी नसते, ट्रेस मधेच जातो, नॉब किंचित दाबला की परत येतो, तर भाग चांगले आहेत आणि कॅम स्विचचे (नॉबमागच्या फिरत्या स्विचचे) संपर्क मळलेत. वर्णनावरून माझा कल याकडेच आहे.

---

डाखकाम

कॅम स्विच असा साफ करा. जाड, तंतू न सुटणाऱ्या कागदाची ४-५ मिलीमीटर रुंदीची पट्टी कापा, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवा. संपर्काची सोन्याची पाती उघडी असताना पट्टी पातं आणि बोर्डावरचं पॅड यांच्यामध्ये सरकवा, नॉब फिरवून पातं पट्टीवर बसू द्या, पट्टी हलकेच सरळ ओढून काढा. पट्टी काळी यायची थांबेपर्यंत नवी नवी घ्या. शेवटची कोरडी.

पॉलिश पेपर, खोडरबर, ब्लेड काहीही नको, सोन्याचा मुलामा काही मायक्रॉनसुद्धा नाही. पाती वाकवून 'दाब वाढवण्याचा' प्रयत्नही नको. टोल्यूइन, झायलीन, अ‍ॅसिटोन प्लॅस्टिकच्या कॅमला खातात. अटेन्युएटरमध्ये तेलकट कॉन्टॅक्ट स्प्रे मारू नका, त्याचा थर गळती वाढवतो आणि १ मेगओहमच्या इनपुटवर ती लगेच दिसते.

शील्डचं झाकण परत लावताना सगळे स्क्रू लावा. झाकणाशिवाय केलेलं जलद स्वीपचं मोजमाप झाकण लावल्यावर बदलतं.

---

लोलक

दोन पट्ट्या काळ्या आल्या, तिसरी जवळपास स्वच्छ. ट्रेस नाहीसा होणं थांबलं. तक्ता पुन्हा केला: मिलीसेकंदाच्या आणि मायक्रोसेकंदाच्या जागा आता मर्यादेत, फक्त सर्वांत जलद दोन जागा ×१० (ट्रेस आडवा दहापट ताणणारी सोय) लावल्यावर सुरुवातीच्या एका डिव्हिजनमध्ये थोड्या ताणलेल्या दिसतात.

---

आंदोलक

ते पहिलं डिव्हिजन सोडून मोजा. जलद स्वीपला सुरुवातीचा तुकडा सरळ नसतो आणि मॅन्युअलातलं मोजमापही मधल्या आठ डिव्हिजनांवर घेतात. त्यात बसत असेल तर ट्रिमरला हात लावू नका.